कूतचा हिशेब

महायुद्धांतल्या घोडचुकांचा विषय निघाला की काही नावं ठरलेली असतात. १९१५ची गॅलिपोली. १ जुलै १९१६ची सोमच्या काठची सकाळ. त्या एका दिवसात ब्रिटिश फौजेची ५७ हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. स्टालिनग्राड तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. मी आज ज्या चुकीबद्दल बोलणार आहे तिचं नाव आपल्याकडं फारसं कुणी घेत नाही. आणि तरी ती ज्या डिव्हिजनच्या वाट्याला आली, तिचं नावच मुळी पूना डिव्हिजन होतं.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा माणूस आहे. या विषयाशी माझा संबंध आला तो दादीमुळं. तिचा थोरला भाऊ मराठा पलटणीत शिपाई होता. मुसलमान माणूस मराठा पलटणीत कसा, असं काहींना वाटेल. महायुद्धाआधीच्या रचनेत या पलटणींच्या आठ कंपन्यांपैकी सहा मराठ्यांच्या आणि दोन दख्खनी मुसलमानांच्या असत. दादी म्हणायची, ''भाई बसरे को गए, कूद में गुम हुए.'' बसरा म्हणजे मोती, एवढंच आम्हा पोरांना माहीत. आणि कूद म्हणजे उडी. मला वाटायचं, दादीच्या भावानं कुठल्यातरी नदीत उडी मारली असावी. कॉलेजात असताना लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात नकाशा पाहिला. टायग्रिस नदीच्या, म्हणजे आमच्या शायरीतल्या दजलेच्या, एका वळणात गाव होतं, कूत. दादी तेव्हा हयात होती. पण ते पुस्तक घरी न्यायला देत नसत, त्यामुळं तिला नकाशा दाखवायचा राहिला तो राहिलाच.

आता ही माणसं तिथं गेली कशाला? नोव्हेंबर १९१४मध्ये तुर्कस्तान ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरलं. इराणच्या आखाताच्या टोकाला आबादान इथं तेल शुद्ध करण्याचा कारखाना होता. ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलाकडं वळत होतं आणि त्या तेल कंपनीतले निम्म्याहून अधिक भाग सरकारनं त्याच वर्षी घेतले होते. या तेलाच्या राखणीला हिंदुस्थानातून फौज निघाली. ६ नोव्हेंबरला ती फाओला उतरली आणि महिना संपायच्या आत बसरा हाती आलं. काम झालं होतं. इथंच थांबले असते तर आज मला बोलायला विषय नव्हता.

पण जिंकणाऱ्याला थांबणं जड जातं. एप्रिल १९१५मध्ये सर जॉन निक्सन सरसेनापती म्हणून बसऱ्याला आले आणि पूना डिव्हिजनची सूत्रं मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांच्याकडं गेली. टाउनशेंड हा हुशार, नेपोलियनच्या लढाया तोंडपाठ असलेला आणि स्वतःच्या नावावर फार प्रेम असलेला माणूस. १८९५मध्ये चित्रळच्या वेढ्यात त्यानं किल्ला लढवला होता आणि त्यावरच त्याचं नाव झालं होतं. हा चित्रळ लक्षात ठेवा. जूनच्या सुरुवातीला त्यानं मूठभर लोकांनिशी अमारा घेतलं. सप्टेंबरअखेर कूत घेतलं. त्याच्या डिव्हिजनमध्ये १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. शिवाय पंजाबी, राजपूत आणि गोऱ्यांच्या पलटणी.

खरी अडचण तुर्कांची नव्हती, नदीची होती. त्या मुलखात ना सडक ना रेल्वे. दाणा, दारूगोळा, जखमी, सगळं नदीतून. नदी उन्हाळ्यात उथळ, वळणावळणाची, आणि तिच्यात चालतील अशा सपाट बुडाच्या आगबोटी अगदी थोड्या. बसऱ्यापासून बगदाद नदीनं ५०० मैल. विहीर लांब गेली की पखाल तीच राहते आणि दिवसाच्या खेपा कमी होतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही भिस्त्यानं सांगितलं असतं. फौज जितकी पुढं, तितका तिच्यापर्यंत पोचणारा माल कमी. निक्सननी बोटी मागितल्या. मागणी शिमल्याला गेली, तिथून लंडनला. हिंदुस्थान सरकारचा खजिना काटकसरीवर होता. बोटी वेळेवर आल्याच नाहीत. बगदादचा विचार मात्र त्या न येताच पक्का होत गेला.

ऑक्टोबर १९१५मध्ये तारांची जी देवाणघेवाण झाली ती वाचण्यासारखी आहे. टाउनशेंडनं वरती लिहून कळवलं की कूतलाच थांबावं, पुढं जायचं तर फौज वाढवा. निक्सनचं म्हणणं पडलं की आहे ती फौज पुरेशी आहे. व्हाइसरॉय हार्डिंज आणि सरसेनापती बोशाँ डफ दूर शिमला-दिल्लीत. लंडनमधलं मंत्रिमंडळ गॅलिपोलीच्या नामुष्कीनं हैराण होतं, त्यांना कुठंतरी एक विजय हवा होता आणि बगदाद हे नाव मोठं होतं. अखेर लंडनहून तार आली तिचा आशय असा: निक्सन यांना आपली फौज पुरेशी वाटत असेल तर त्यांनी बगदादवर चालून जावं. फ्रान्समधून आणखी दोन हिंदी डिव्हिजन पाठवण्याचं आश्वासनही होतं, पण त्या नंतर पोचणार होत्या.

या 'वाटत असेल तर'मध्ये सगळं आलं. मी शब्दांत वावरणारा माणूस, म्हणून मला ही शब्दयोजना जास्त बोचते. लंडननं हुकूम दिला नाही, परवानगी दिली. निक्सननी शंका सांगितली नाही, कारण विश्वास मागितला गेला होता. टाउनशेंडनं शंका सांगितली, मग हुकूम पाळला. तिघांच्याही कागदावर आपापली बाजू सुरक्षित होती.

२२ नोव्हेंबर १९१५ला बगदादच्या अलीकडं, टेसिफॉनच्या भग्न कमानीपाशी लढाई झाली. तिथल्या लोकांच्या तोंडी त्या जागेचं नाव सलमान पाक. पैगंबरांचे सहकारी सलमान फारसी यांची तिथं कबर आहे. मदिनेवर चाल आली तेव्हा शहराभोवती खंदक खणायची कल्पना यांचीच, असं परंपरा सांगते. युद्धाच्या आरंभी सरकारनं मेसोपोटेमियातल्या पवित्र स्थानांना धक्का लावणार नाही असं जाहीर केलं होतं. तुर्कांचे सुलतान खलिफा होते आणि त्यांच्या बाजूनं जिहादचा फतवा निघालेला. आता मुसलमान शिपायाला खलिफाच्या फौजेवर, त्या कबरीच्या सावलीत, गोळी झाडायची होती. काही पठाणांवर भरवसा नाही म्हणून त्यांना आधीच मागं धाडलं होतं. आणि शिपायांच्या कानावर सलमान पाक हे नाव पडू नये म्हणून कागदोपत्री टेसिफॉन हेच नाव चालवलं. नाव बदलल्यानं जागा बदलते, असं ज्यांना वाटतं त्यांना शिपायाच्या डोक्याची कल्पना नसते. सांजेला नमाजाला उभ्या राहिलेल्या माणसाला आपण कुठं उभे आहोत ते कळतं.

दादीचा भाऊ त्या दिवशी काय समजून लढला, हा प्रश्न मी पुष्कळदा स्वतःला विचारला आहे. उत्तर द्यायला तो नाही. पलटण लढली, त्याअर्थी तोही लढला असणार.

लढाईच्या आदल्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. तुर्कांकडं ताजी कुमक आली आहे हे मेजर रायली या वैमानिकानं वरून पाहिलं, पण त्याचं विमान पाडलं गेलं. तो आणि त्याचा नकाशा, दोन्ही तुर्कांच्या हाती लागले. टाउनशेंडला बातमी कळलीच नाही. लढाईत पहिली खंदकांची ओळ पूना डिव्हिजननं घेतली. दुसरीपुढं ती थकली. सुमारे ४,६०० माणसं मेली वा जखमी झाली. तुर्कांचं नुकसान याहून मोठं होतं, पण त्यांच्यामागं बगदाद होतं आणि यांच्यामागं ५०० मैलांची नदी.

जखमींचं काय झालं ते थोडं सविस्तर सांगतो. त्यांना बिनस्प्रिंगच्या मालगाड्यांत, खेचरांच्या छकड्यांत घालून खडबडीत माळावरून नदीपर्यंत आणलं. मोडलेल्या मांडीच्या माणसाला छकड्यातून मैलोगणती नेणं म्हणजे काय, ते बैलगाडीत बसलेल्यांना सांगायला नको. मग बोटी. 'मजिदिया' नावाची आगबोट आणि तिला जोडलेले दोन पडाव, त्यांवर सुमारे ६०० जखमी, बसऱ्यापर्यंत तेरा दिवस. ती बसऱ्याला लागली तेव्हा तिथं मेजर कार्टर नावाचे लष्करी डॉक्टर उभे होते. बोटीच्या बाजूनं दोरखंड लोंबत आहेत असं त्यांना लांबून वाटलं. जवळ आल्यावर कळलं, ते दोर नव्हते. हलता न येणाऱ्या माणसांची विष्ठा कडेवरून ओघळून वाळली होती. कार्टरनी तक्रार केली तर वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची धमकी दिली, लुडबुड्या ठरवलं. त्याच सुमारास निक्सनची तार लंडनला गेली होती की जखमींची स्थिती समाधानकारक आहे आणि वैद्यकीय व्यवस्था उत्तम चालली.

टाउनशेंड मागं फिरला आणि ३ डिसेंबरला कूतला पोचला. नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणात हे गाव. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला शत्रू. आणखी मागं हटता आलं असतं. पण माणसं दमली होती, कूतमध्ये साठा होता, आणि मला वाटतं, मनात चित्रळ होतं. वेढ्यानं एकदा कीर्ती दिली होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाटा बंद झाल्या. आत दहा हजारांच्या आसपास सैनिक, साडेतीन हजार बिनलढाऊ लोक, म्हणजे भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले, स्वयंपाकी. आणि गावातले सुमारे सहा हजार अरब रहिवासी.

माझ्या मते कूतची सर्वांत महागडी चूक तोफांची नाही, धान्य मोजण्याची आहे. टाउनशेंडनं सुरुवातीला कळवलं की गोऱ्यांना महिनाभर आणि हिंदी शिपायांना दोन महिने पुरेल इतकं अन्न आहे. घरोघर झडती घेऊन दाणा नीट मोजला नव्हता. शिधाही लगेच कमी केला नाही. वर लवकर सोडवा म्हणून निकड लावली. परिणाम असा झाला की जनरल एल्मर यांच्या हाताखाली सुटकेची जी फौज जमत होती, ती जमायच्या आत निघाली. तोफा अपुऱ्या, दवाखाने मागं राहिलेले, पलटणी बोटीतून उतरल्या तशा पुढं ढकललेल्या. जानेवारी १९१६मध्ये शेख साद, वादी, हन्ना अशा एकामागून एक लढाया झाल्या. २१ जानेवारीला हन्नाला चिखलातून सपाट मैदानावर चाल करवली. २,७०० वर माणसं पडली आणि जखमी रात्रभर गारठ्यात, पावसात पडून राहिले.

आणि मग जानेवारीच्या शेवटी टाउनशेंडनं कळवलं की घराघरांतून धान्य सापडलं आहे, आणखी ८४ दिवस निभावता येईल.

ही तार वाचून एल्मरला काय वाटलं असेल? हीच मोजणी डिसेंबरात झाली असती तर हन्नाच्या चिखलात ती माणसं त्या दिवशी गेलीच नसती.

पुढं ८ मार्चला दुजैलाची संधी आली. एल्मरची फौज रात्रभर चालून पहाटे तुर्कांच्या दुजैला गढीपाशी पोचली. गढी जवळजवळ रिकामी होती. नुसतं चालत आत जायचं होतं. पण योजनेत आधी तोफा, मग चाल, असं लिहिलं होतं. तोफा लागेपर्यंत थांबले. तोफांच्या आवाजानं तुर्क जागे झाले, नदी ओलांडून धावत आले आणि गढी भरली. मग साडेतीन हजारांच्या आसपास माणसं खर्ची पडली. तिथून कूत आठ मैलांवर. आतल्या लोकांना तोफांचा आवाज ऐकू येत होता. टाउनशेंड बाहेर पडला नाही. सुटकेच्या एकूण प्रयत्नांत सुमारे २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. आत अडकलेली होती साडेतेरा हजार.

आत भूक होती. घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोरे शिपाई खाऊ लागले, हिंदी शिपाई नाही म्हणाले. हिंदूंना ते निषिद्ध, मुसलमानांतही बहुतेकांना नकोसं. हिंदुस्थानातून बिनतारी यंत्रणेनं दोन्ही धर्मांच्या गुरूंची परवानगी मागवली गेली. ती आली, तरी शिपाई तयार होईनात. तिकडं धर्मगुरू हो म्हणाला म्हणून गावात पंगतीला कोण घेणार, लेकीला स्थळ कोण देणार, हा त्यांचा सवाल होता. इंग्रज अधिकाऱ्यांनी हे अडाणीपण म्हणून लिहून ठेवलं आहे. मला ते तसं वाटत नाही. हा माणूस आपण घरी परतणार, असं अजून धरून चालला होता, म्हणून त्याला पंगतीची काळजी. एप्रिलमध्ये, पीठ दिवसाला पाच औंसांवर, म्हणजे दीडशे ग्रॅमच्याही खाली आलं, तेव्हा बहुतेकांनी खाल्लं. तोवर स्कर्व्हीनं हिरड्या सुजल्या होत्या. गंमत म्हणावी तर अशी की पांढऱ्या पिठाच्या पावावर जगणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला, आटा खाणाऱ्या हिंदी लोकांना स्कर्व्ही.

विमानांतून पोती टाकली गेली. वेढ्यातल्या फौजेला हवेतून अन्न पुरवण्याचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयत्न. दळायला जात्याचे दगडसुद्धा वरून टाकले. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांत. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' ही बोट २७० टन धान्य घेऊन निघाली. तुर्कांनी नदीत आडवा तार-दोर लावला होता, तीत ती अडकली. मग शेवटचा उपाय म्हणून टी. ई. लॉरेन्ससह तीन अधिकारी तुर्कांच्या छावणीत गेले. टाउनशेंडच्या फौजेला सोडा, दहा लाख पौंड देतो, मग वीस लाख देतो. तुर्कांनी पैसे नाकारले आणि ही गोष्ट जगाला सांगितली. २९ एप्रिल १९१६ला, १४७ दिवसांनी, कूत पडलं.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. त्याचा लाडका कुत्रा स्पॉट तुर्कांनी सौजन्यानं ब्रिटिश फौजेकडं पोचवला आणि तो पुढं इंग्लंडला सुखरूप गेला. कैदेत असतानाच टाउनशेंडला 'सर' हा किताब मिळाला आणि १९२०मध्ये तो पार्लमेंटात निवडून आला. तुर्कांचा सेनापती खलील पाशा यानं पुढं १९३४मध्ये आडनावं घ्यायचा कायदा झाला तेव्हा 'कूत' हेच आडनाव घेतलं. एका गावाचे हे दोन उपयोग.

शिपाई पायी निघाले. आधी शुमरानची छावणी. तिथं उपाशी पोटी तुर्की कडक बिस्किटं खाऊन कित्येक जण मेले. मग बगदाद, मोसुल आणि वाळवंट ओलांडून रास अल-ऐन, जिथं रेल्वेचं काम चालू होतं. मुसलमान अधिकाऱ्यांना वेगळं काढून बरं वागवलं गेलं. साध्या शिपायाला आणि भिस्त्याला त्याचा फार लाभ झाला नाही. या वाटेचं एक हिंदी माणसानं लिहिलेलं वर्णन मला मिळालं ते बंगाली. शिशिर सर्वाधिकारी हे बंगालच्या रुग्णसेवा पथकातले. त्यांच्या 'अभि ले बगदाद' या पुस्तकात कैद्यांचे हाल आहेत, आणि त्याच वाटेवर हाकलून नेलेल्या आर्मेनियन लोकांची स्थितीही. गोऱ्या शिपायांपैकी दहांतले जवळजवळ सात जण कैदेत मेले. हिंदी लोकांपैकी मेलेले आणि पत्ता न लागलेले मिळून अडीच ते तीन हजार.

विलायतेत ओरड झाली. ऑगस्ट १९१६मध्ये मेसोपोटेमिया आयोग नेमला गेला, जून १९१७मध्ये अहवाल आला. निक्सन, हार्डिंज, डफ, सगळ्यांवर ठपका. कार्टरची साक्ष त्यात आहे. कुणाचंही कोर्ट मार्शल झालं नाही. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी मात्र राजीनामा दिला. त्यांचा दोष इतरांहून कमी होता, पण लाज जास्त होती. त्यांच्या जागी एडविन माँटेग्यू आले. हिंदुस्थान सरकारचा कारभार लाकडासारखा ताठर आहे असं ते आयोगावरच्या चर्चेत बोलले होते. २० ऑगस्ट १९१७ला त्यांनीच जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. आपल्या पाठ्यपुस्तकात ही घोषणा होती, तारखेसह पाठ केली होती. तिच्या मागं कूत आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. तिथं इंग्रजांनी बसवलेला दगड आहे, त्यावर आकडा आहे. बसऱ्याचं स्मारक याहून फार मोठं. १९२९मध्ये उघडलं, चाळीस हजारांवर मृतांचं. गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली; हिंदी शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि पुढं फक्त संख्या. १९९७मध्ये सद्दाम हुसेन यांच्या सरकारनं ते स्मारक उचलून शहराबाहेर वाळवंटात नेलं. २०२१मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगानं स्वतःच्या चौकशीनंतर या भेदभावाबद्दल माफी मागितली.

शिपायांची नावं नोंदवह्यांत होती. आता ती संगणकावर शोधता येतात. भाचीनं मला बसवून शोधायला शिकवलं. दादीच्या भावाचं नाव आमच्याकडं प्रत्येक मोहल्ल्यात दोघांचं तरी असतं, इतकं साधं. मराठा पलटणींच्या यादीत त्या नावाचे तीन शिपाई सापडले. एकाच्या पुढं बापाचं नाव होतं, ते आमचं नव्हतं. दुसऱ्याचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. तिसऱ्यापुढं पलटणीचा नंबर आणि तारीख, १९१६मधली. बाकी रकाने कोरे.